तळाशी बसलेलं औषध

डेटलेफला बोलायचं होतं, पण तीन आठवडे त्याची जीभ टाळ्याला चिकटलेलीच.

जर्मनीतल्या येनाच्या एका प्रयोगशाळेत तो उंदरांच्या पिल्लांना स्टेरॉइड टोचायचा. कोवळ्या मूत्रपिंडाला रक्तातलं आम्ल भराभर बाहेर टाकता येत नाही. स्टेरॉइड टोचलं की येतं. एवढं प्रबंधात सिद्ध झालं की हा डॉक्टर! लघवीतलं आम्ल मोजायच्या क्नोथेबाई. तीस वर्षांचा हात, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं.

टोचण्याआधी बाई तेलातल्या औषधाची बाटली मुठीत दहा मिनिटं उबवायच्या, मग हलवायच्या. डेटलेफ चिडवायचा, "काय बाई, पिल्लू निघणार का त्यातनं?"

"निघेल तेव्हा तुमचंच नाव ठेवीन," बाई म्हणायच्या.

एके दिवशी बाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या. यानं बाटली फडताळातून काढली आणि थेट टोचायला लागला. औषध तळाशी बसलेलं. पहिल्या उंदरांना नुसतं तेल गेलं, शेवटच्यांना औषधाचा गाळ. दुसऱ्या दिवशी बाईंनी मोजलेले आकडे आले ते दारू प्यायल्यासारखे. बाटलीचा पांढरा तळ बघून त्याला सगळं कळलं, आणि त्यानं ती गुपचूप परत फडताळात ठेवली.

प्राध्यापक हार्टविग सगळ्यांसमोर बाईंवर कडाडले, "डोळे गेले का तुमचे? मोजता काय, झोपता काय?"

बाईंनी डेटलेफकडे पाहिलं. हा बहाद्दर बुटाची नाडी बांधत बसला! दुसऱ्या दिवसापासून बाई तळघरात काचसामान धुवायला. प्रबंधात त्यानं लिहिलं, 'मोजणीतल्या चुकीमुळे हा गट वगळला.' लिहिताना लाज वाटली, तरी लिहिलंच.

प्रबंधावर सही झाली त्या दुपारी तो एकदाचा तळघरात उतरला. बाईंचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

"बाई, ती बाटली... मी हलवली नव्हती."

"ठाऊक आहे मला. आकडे चुकले त्याच दिवशी फडताळात बघितली."

"मग बोलला का नाहीत?"

"मी कशाला बोलू? तुम्ही बोलाल म्हणून तीन आठवडे ती न धुता त्या फळीवर ठेवली होती. तुम्ही आला असता, तर दोघं मिळून वर प्राध्यापकांकडे नेली असती."

त्यानं फळीकडे पाहिलं. फळी रिकामी.

"मघाशी वरून पेल्यांचा आवाज आला, सगळे तुम्हाला डॉक्टर म्हणत होते," बाई म्हणाल्या. "तेव्हा धुऊन टाकली."