देण्यांत मांडलेली आई

गादीच्या गुंड्या ओढायला बसण्याआधी गादीवाली दाभण केसांतून फिरवून घेई. केसांतलं तेल लागलं की दाभण कापसात लोण्यात शिरावा तसा शिरतो. त्या सकाळीही ती दुकानाच्या फरशीवर मांडी घालून बसली होती, पुढ्यात कुणाच्या तरी लेकीच्या संसाराची जोडगादी होती, आणि ओठांत तिची नेहमीची ओळ:

सुई पुढं पुढं जाई, दोरा मागं गं ओढतो,
घर म्हणती बाप्याचं, टाका बाईचा पडतो.

"गाणी सुचतायत बाईसाहेबांना!" नणंद पायरीवर चपला काढत म्हणाली. "आज काडीमोड लिहायचा, आणि ही आपली कोकिळा!"

"हात लयीत चालतो, ताई," ती म्हणाली आणि दोरा दातांनी तोडला.

दुकान पुढे, घर मागे. तिचा नवरा, गादीवाला, दुसऱ्या बाईसोबत गावाच्या पलीकडच्या टोकाला राहायला गेला, त्याला आता बरेच दिवस झाले होते. दुकानात मात्र तो रोज येई. गल्ल्यातले पैसे काढी, आईच्या खोलीच्या उंबऱ्यावरूनच "बरी आहेस ना?" असं विचारी आणि उत्तर यायच्या आत निघून जाई. आज सगळं रीतसर होणार होतं: दोघांचं काय, कुणाचं काय, कर्ज कुणी फेडायचं. मूलबाळ नाही म्हणजे वाटणी सोपी, असं वकील आधीच म्हणाले होते.

हातातलं काम ठेवून ती आत गेली. सासूला कुशीवर वळवायची वेळ झाली होती. उजवं अंग लुळं पडल्यापासून म्हातारी एका खास गादीवर झोपे. टाचांखाली पोकळी, कमरेखाली मऊसूत कापूस, पाठीला जखम होऊ नये म्हणून एकेक थर हातानं पिंजून भरलेला. ती गादी सुनेनंच केली होती. आणि सून स्वतः? लग्न होऊन आली त्या पहिल्याच दिवशी सासूनं सांगितलं होतं, "विकायच्या मालावर सुनेनं लोळायचं नसतं." तेव्हापासून गाद्यांनी भरलेल्या घरात ती गोणपाटावर झोपत आली होती.

"हळू गं! हाडं मोडशील माझी!" म्हातारी खेकसली. "आले का सगळे?"

"येतायत."

"माझ्या लेकाला जास्त छळू नकोस. मुकाट सही कर."

कापड बेतायच्या टेबलावर वकिलांनी कागद पसरले. गादीवाला स्टुलावर बसला. गादीवालीचा भाऊ उशिरा आला, इस्त्रीचा शर्ट घालून, एखाद्या बारशाला यावं तसा. नणंदेनं नव्या गादीवरच बैठक मारली.

वकील वाचू लागले. "दुकान व दुकानातील माल नवऱ्याकडे. भांडी, कपडे आणि लोखंडी कपाट बायकोकडे."

"आणि घर?" तिनं विचारलं.

"घर वाटणीत येत नाही. ते यांच्या मालकीचं आहे."

"घर तर आईंच्या नावावर आहे."

"होतं," गादीवाला नखं बघत म्हणाला.

गेल्या महिन्यातली दुपार तिच्या डोळ्यांपुढे आली. लेक गाडी घेऊन आला होता. त्यानं दोन मजूर लावून आईला खुर्चीसकट उचललं. म्हातारी परतली तेव्हा अंगठा निळा होता आणि तोंड हसरं. "पेन्शनचा कागद होता," ती म्हणाली होती. तो अंगठा तेल लावून, चोळून चोळून सुनेनंच स्वच्छ केला होता.

"माझं होतं, लेकाला दिलं!" आतून आवाज आला. दार उघडंच होतं. "तुझ्या बापाचं नव्हतं!"

"स्लॅब टाकताना माझ्या बांगड्या गेल्या, आई."

"दिल्यास तेव्हा पावती मागितली होतीस का?"

नणंद फिसकन हसली. वकिलांनी पान उलटलं. "आता देणी. एक: शिलाई मशीनचं पतपेढीचं कर्ज बायकोच्या नावावर आहे, सबब ते बायकोनं फेडावं."

"बाईला व्याज कमी लागतं म्हणून माझं नाव घातलं होतं."

"कागदाला 'म्हणून' कळत नाही, ताई," वकील म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दयाही नव्हती.

"मग मशीन माझं?"

"मशीन दुकानात आहे. दुकानातला माल नवऱ्याकडे."

"म्हणजे दूध यांचं आणि शेण माझं," ती म्हणाली. भावानं तिला कोपरानं ढोसलं.

"दोन," वकील पुढे वाचू लागले. "आईचा सांभाळ, औषधपाणी व शुश्रूषा बायकोनं करावी. त्या बदल्यात आई हयात असेपर्यंत बायकोनं मागच्या खोलीत राहावं. आईच्या पश्चात खोली रिकामी करून नवऱ्याच्या ताब्यात द्यावी."

पंख्याच्या वाऱ्यानं कापसाचा एक पुंजका टेबलावरून घरंगळत गेला.

"छप्पर मिळतंय की!" भाऊच आधी बोलला. "आणखी काय हवं? हे बघ, मागत बसलीस तर लोक हावरट म्हणतील. सोडून दिलंस तर नाव राहील."

"नावावर झोपता येतं का, दादा?"

"माझ्याकडे यायचं म्हणत असशील तर तुझ्या वहिनीला विचारावं लागेल. आधीच सांगतो."

ती कागदाकडे बघत राहिली. म्हणजे आता रोज पहाटे उठून आधी म्हातारीच्या नाकाशी बोटं धरायची. श्वास आहे तोवर छप्पर आहे. आणि ज्या दिवशी तो थांबेल, त्या दिवशी आपण तिच्यासाठी रडू की छपरासाठी, हे आपल्यालाही कळणार नाही.

"काय रे," आतून म्हातारीनं विचारलं, "मला कशात धरलंत?"

गादीवाल्यानं वकिलांकडे पाहिलं.

"कान शाबूत आहेत माझे. मालात धरलंत का देण्यात?"

वकिलांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची सवय होती. "देण्यांत, आजी," ते म्हणाले.

मग आतून जो आवाज आला तो या घरात कुणीच ऐकलेला नव्हता. "बाळा, मी तुझ्याकडे येते ना रे? घर दिलं की तुला."

"आई, तिकडे जागा लहान आहे. आणि तिला आजारी माणसाची सवय नाही गं."

"मग ताईकडे?"

"अगंबाई, मी लोकांच्या घरात!" नणंद गादीवरून उठलीच. "आईला आणून ठेवलं तर सासरचे मला उभी करतील का दारात?"

आणि मग, इतक्या वर्षांत 'ए' आणि 'अगं'शिवाय दुसरी हाक न मारलेली म्हातारी म्हणाली, "सूनबाई... कर गं सही. पाया पडते तुझ्या."

गादीवाल्यानं लगेच पेन पुढं केलं. "बघ, आई स्वतः म्हणतेय."

तिनं पेन घेतलं. भावानं सुटकेचा श्वास सोडला. तिनं पेनाचं टोपण लावलं आणि ते वकिलांच्या कागदावर आडवं ठेवलं.

"मी सही करणार नाही."

"डोकं फिरलं का तुझं?" भाऊ म्हणाला.

"कर्ज माझं असेल तर मशीन माझं. कर्ज दोघांचं असेल तर मशीन दोघांचं आणि हप्ताही दोघांचा. माझ्या बांगड्या या घराच्या डोक्यावर आहेत, त्यांचंही विचारीन. इथं नाही, कोर्टात." शब्द एकामागून एक सरळ येत होते. "आणि आईंना मी कर्ज म्हणून उचलणार नाही. घर ज्याला दिलंय, त्यानं घरासकट त्यांना घ्यावं."

"अगं, बाई आहेस का कोण आहेस!" नणंद ओरडली.

ती आत गेली. कपाटातली दोन लुगडी पिशवीत भरली, दाभण केसांत खोवला. बिछान्याजवळून जाताना म्हातारीच्या धड हातानं तिचा पदर धरला. त्या मुठीत अजून जोर होता. पदर सुटेना. तेव्हा गादीवाली खाली बसली आणि शिवण उसवावी तशी तिनं ती बोटं सोडवली. एक एक. शेवटचं करंगळीचं बोट सोडवताना तिला हुंदका फुटला, पण तिनं ते सोडवलं.

"तळतळाट लागेल तुला!" म्हातारी मागून किंचाळली. "सटवे! किडे पडतील!"

भाऊ वाट अडवून उभा होता. त्याला वळसा घालून ती पायरी उतरली. तेवढ्यात आतून गादीवाल्याची हाक आली, घाबरलेली.

"अगं ए! आईनं गादी ओली केलीय. हिला... उचलायचं कसं?"

ती थांबली. पाठ वळवूनच म्हणाली, "डाव्या कुशीवर वळवा. उजवीकडे जीव नाही."

आणि चालू लागली. म्हातारीचं ओरडणं आता रडण्यात बदललं होतं, ते रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. समोरच्या दुकानातून, वरच्या सज्जातून, नळावरून बाया बघत होत्या.

"पाहिलंत? लुळ्या सासूला टाकून चालली!"

"आजकालच्या बायका! हिशेबाच्या तेवढ्या पक्क्या!"

तिच्या पायांचा वेग मंदावला. तोंडावर आलेलं उत्तर तिनं गिळलं. ते आता दुसरीकडे द्यायचं होतं, जिथं लिहून घेतात. कोर्टाकडे जाणाऱ्या वळणावर ती दिसेनाशी झाली.

रस्त्यानं पाहिलं ते एवढंच, की एक बाई म्हातारीला सोडून निघाली. घराचा मालक आत उंबऱ्यावर नाकाला रुमाल लावून उभा होता. तो कुणालाच दिसला नाही. रस्त्यावरून तो कधीच दिसत नाही.