काचेवरची गुठळी

जलशुद्धीकरण केंद्रात मी केमिस्ट होते. पुणेकरांनी नळ सोडावा आणि माझी आठवणही येऊ नये, एवढंच माझं काम. गढूळ पाणी आलं की मात्र सगळ्या शहराला आमचा फोन नंबर सापडायचा.

नदीच्या पाण्यात तुरटी मिसळली की गाळाचे कण एकमेकांना धरतात, त्यांच्या गुठळ्या होतात. त्या जमल्या तर तळाशी बसतात, नाही तर पुढे जाऊन वाळूचा फिल्टर तुंबवतात. म्हणून टाकीच्या कठड्यावरून गुठळ्यांवर नजर ठेवावी लागे. हे काम धायरीच्या पोपटरावांचं. अंधार पडला की त्यांना काही दिसत नसे आणि मलाही नसे. मग दोघंही अंदाजाने तुरटी वाढवायचो.

यावर इलाज काढला माझ्या लेकीने. चैताली रोज कंपनीच्या बसने हिंजवडीला जायची. तिथे तिने असं सॉफ्टवेअर लिहिलं, की टाकीतलं थोडं पाणी काचेमागून फिरवायचं, कॅमेऱ्याने टिपायचं आणि गुठळ्या केवढ्या झाल्या ते संगणकाने दिवसरात्र सांगत राहायचं. वर्षभर पोरीने दुसरा विषय काढला नाही. जेवतानाही पिठल्यातल्या गुठळ्या मोजायची, आणि त्या माझ्या हातच्या असल्याने मला राग यायचा.

आमच्या सर्जेराव साहेबांनी चाचणीला परवानगी दिली, पण अट घातली. आधी घेतलेली यंत्रं कोपऱ्यात धूळ खात पडली होती, कारण वापरणाऱ्यांना ती नकोच होती. तेव्हा शेवटी पोपटरावांना विचारणार. ते नको म्हणाले तर कॅमेरा परत. आणि तो परत गेला तर कंपनी हे काम गुंडाळून चैतालीला कुठल्याशा बँकेच्या हिशेबाला बसवणार होती.

पोपटरावांचं मत काही कळेना. कॅमेऱ्याची पेटी बसवताना ते हाताची घडी घालून उभे होते. चैतालीने विचारलं तर "बघू" म्हणाले. त्यांच्या "बघू"ने माझी झोप उडाली होती.

दसऱ्याची सुट्टी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब निकाल घ्यायला आले. प्रयोगशाळेत चैतालीने संगणक सुरू केला. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर मधोमध एकच गुठळी, सुपारीएवढी, जागची हलेना. अशी गुठळी मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. चैतालीने संगणक बंद करून चालू केला. मग पुन्हा बंद करून चालू केला. तिच्या क्षेत्रात याला इलाज म्हणतात. गुठळी होती तिथेच होती.

चैतालीचा चेहरा उतरला. माझ्याकडे वळून ती हळूच म्हणाली, "आई, त्या पोपटरावांनी मुद्दाम काहीतरी केलंय."

पोपटराव दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"व्हय, केलंय," ते म्हणाले. "या, दावतो."

आम्ही सगळे त्यांच्यामागून टाकीपाशी गेलो. त्यांनी पेटीचं झाकण उघडलं. आत झेंडूचं फूल होतं, आपट्याची पानं होती, आणि काचेच्या बरोबर मध्यावर ओल्या बोटाने लावलेला कुंकवाचा ठसठशीत टिळा. रंग दिसत नसल्याने कॅमेऱ्याने इमानेइतबारे त्याचीच गुठळी दाखवली होती.

"काल समद्या पंपांची पूजा केली, मोटारींची केली," पोपटराव म्हणाले. "मग ह्यालाच कसं सोडायचं? हे बी आता आपलंच हाय की."

चैतालीने खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "पोपटकाका, चुकलं माझं." लेकीचा असा अभिमान मला तिच्या पदवीच्या दिवशीही वाटला नव्हता.

पोपटराव अवघडले. खांद्यावरच्या पंच्याने त्यांनी काच लख्ख पुसली. आतल्या पाण्यातून बारीक, एकसारख्या गुठळ्या सावकाश वर जाताना दिसू लागल्या. ते वाकून त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"ब्येस दिसतंय," ते म्हणाले. "पण ताई, फुडल्या दसऱ्याला कुंकू कुठं लावायचं, तेवढं सांगून ठेवा."

चैतालीने पेटीच्या झाकणावर बोट ठेवलं. सर्जेराव साहेबांनी पोपटरावांना काहीच विचारलं नाही.