प्लॅटिपस दाखवतो

२००२ च्या मार्चमध्ये गुरुदत्तची नोकरी गेली. पिस्कॅटवेतल्या त्याच्या कंपनीने अख्खी टीमच काढून टाकली. व्हिसा नोकरीवर होता, त्यामुळे अमेरिकेत फार थांबता येणार नव्हतं. ऑस्ट्रेलियात कायम राहायच्या परवान्याचे, पीआरचे कागद मात्र हातात होते. अडचण होती ती त्याच्या सात वर्षांच्या मुलीची, सईची. मैत्रिणी सोडून तिला कुठेच जायचं नव्हतं.

विष्णू हा गुरुदत्तचा कॉलेजमधला मित्र, आता मेलबर्नला. त्याने पाकिटातून तिथली नाणी पाठवली. रोज जेवण झालं की गुरुदत्त त्यातलं एक काढायचा. पाच सेंटवर काटेरी एकिडना. दहावर पिसारा पसरलेला लायरबर्ड. वीसवर पाण्यात सूर मारणारा प्लॅटिपस.

"चोच बदकाची, शेपटी बीव्हरची. अंडी घालतो आणि पिलांना दूधही पाजतो."

"दॅट्स नॉट रिअल," सई म्हणाली.

"तिथे गेलो की पहिल्या आठवड्यात दाखवतो. मग बोल."

त्यावर सई तयार झाली. शाळेत तिने सगळ्यांना प्लॅटिपस सांगितला. सामान कमी न्यायचंय, असं आई म्हणाली तेव्हा बाहुल्यांचं घर आणि स्केट्स मैत्रिणींना देऊन आली.

एप्रिलअखेर जवळच्याच एडिसन गावातल्या एका कंपनीची ऑफर आली. व्हिसाचंही जमलं. तिकिटं कॅन्सल केली, विष्णूला फोन झाला, पुण्याला घरी फोन झाला. शुक्रवारी मंडळी जेवायला बोलावली. सईला सांगायचं राहूनच गेलं.

"सुटलीस बाई," श्रीखंड वाढताना सरलाकाकू तिला म्हणाल्या. "आता कशाला जायचं त्या कांगारूंच्या देशात."

सईने बाबाकडे पाहिलं. "वी आर नॉट गोइंग?"

"अगं, सांगणारच होतो."

"पण मी सगळ्यांना बाय केलं."

"मग सोमवारी परत हाय कर," कोणीतरी म्हणालं, आणि पंगत हसली.

सई हसली नाही. ते पाहून गुरुदत्त घाईने म्हणाला, "इथल्याच झूमध्ये दाखवतो तुला प्लॅटिपस. अमेरिकेत काय मिळत नाही?"

पुढच्या आठवड्यात त्याने तीन प्राणिसंग्रहालयांना फोन केले. ऑस्ट्रेलियाबाहेर तो प्राणी सध्या कुठेच पाहायला मिळत नाही, असं तिन्हीकडून कळलं.

"बोलायच्या आधी करायचेस हे फोन," त्याची बायको रेणू म्हणाली.

"विसरेल गं. लहान आहे."

त्याने सईला झूचं सांगितलं तेव्हा ती गणितं सोडवत होती. "ओके," म्हणाली. रडली असती तर त्याला समजूत काढता आली असती.

मे महिन्यात हवा तापली तसं एकदा तो म्हणाला, "शनिवारी बीचवर जाऊ या."

"ओके," सई म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. तिने आवाज खाली केला होता, तरी हॉलमध्ये गुरुदत्तला ऐकू आलं.

"आई, आर वी रिअली गोइंग?"

"हो," रेणू म्हणाली. "मी ड्राइव्ह करणार आहे."