बाहुलीचा डावा हात

गेन्शिचिचा मला हेवा वाटायला लागला तेव्हा मी एकसष्ट वर्षांचा होतो, आणि ते काही हेव्याचं वय नव्हे. त्या वयात माणसाने चहा प्यावा, धाकट्यांना नावं ठेवावीत आणि स्वस्थ बसावं. मीही तेच करत होतो, पण मधेच सिनेमावाले आले.

ओसाकातल्या आमच्या बाहुल्यांच्या नाटकात एका बाहुलीला तीन माणसं लागतात. मुख्य माणूस डोकं आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा फक्त डावा हात, तिसरा पाय. मी, तोकुएमोन, मुख्य. माझा चेहरा प्रेक्षकांना दिसतो, फलकावर नाव माझं लागतं. डाव्या हाताचा माणूस काळ्या कपड्यांत, तोंडावर काळा पडदा घेऊन उभा असतो आणि त्याने आपल्या मनाने काही करायचं नसतं. मी बाहुलीचा खांदा तीळभर खाली घेतो, तो इशारा. इशारा आला तर हात उचलायचा, नाही आला तर नाही. गेन्शिचि सोळा वर्षं माझा डावा होता. त्याच्या बरोबरीचे दोघे केव्हाच मुख्य झाले. तो झाला नाही, कारण आमचे व्यवस्थापक ओगिमुरा-सान दरवर्षी विचारायचे आणि दरवर्षी मी सांगायचो, अजून जरा कच्चा आहे. खरं म्हणजे असा डावा मला पुन्हा मिळाला नसता. आमच्या धंद्यात हे सगळेच करतात, म्हणून मला त्याची कधी लाज वाटली नाही.

आमचं जे नाटक सगळ्यात जास्त चालायचं, त्याची गोष्ट नऊशे वर्षांपूर्वी दरबारातल्या कुणा बाईने लिहून ठेवलेली. राजधानीत एक बायको वाट बघत असते, नवरा दूरच्या प्रांतात अंमलदार. तिसऱ्या हिवाळ्यात निरोप येतो की त्याने तिकडे दुसरं घर केलंय. ती काही बोलत नाही. त्याच्यासाठी शिवायला घेतलेला अंगरखा घडी घालून पेटीत ठेवते, बस. पुस्तकात हे चार ओळींत उरकलंय. पुढे आंधळे गवई ते गाऊ लागले. त्यांनी त्यात बर्फ घातला, कारण गवयाला बर्फ लागतोच. मुखवट्याच्या नाटकवाल्यांनी तिला मारून तिचं भूत केलं, आणि त्या भुताला एक घडी घालायला पाऊण तास लावला. आमच्या पूर्वजांनी भुताची परत बाई केली आणि वर एक खाष्ट सासू जोडून दिली. मूळ गोष्ट फक्त आपल्यालाच कळली असं प्रत्येकाला वाटत आलंय. मलाही वाटायचं.

शिनोझाकी नावाचा दिग्दर्शक आला त्यालाही तसंच वाटत होतं. त्याला नट नको होते, आमच्या बाहुल्यांचाच सिनेमा करायचा होता. अकरा दिवस चित्रीकरण चाललं. दिव्यांच्या उष्णतेने बाहुलीच्या गालाचा रंग मऊ पडला. मी रोज गुळगुळीत दाढी करून जायचो, कारण आपला चेहरा एवढा मोठा दिसणार म्हटल्यावर माणूस करतोच. शिनोझाकी कॅमेरा पार जवळ आणून ठेवायचा. मला वाटायचं, माझ्याच जवळ.

सिनेमा वसंतात लागला. मी आणि माझी बायको इसो बघायला गेलो. सुरुवातीला मी दिसलो, पडदाभर, या कानापासून त्या कानापर्यंत. मग घडीचा प्रसंग आला आणि माझं डोकं कापलं गेलं, बाहुलीचंही कापलं गेलं, आणि पडदाभर नुसता तिचा डावा हात. हाताने बाही उचलली, आडवी टाकली, तिच्यावर विसावला. इथवर सगळं माझ्या इशाऱ्याबरहुकूम होतं. मग हात थांबल्यानंतर त्याची बोटं हलकेच आत वळली आणि पुन्हा सरळ झाली.

हे मी कधीच सांगितलं नव्हतं. खेळताना माझी नजर बाहुलीच्या मानेवर असते. तिचा डावा हात त्या जागी काय करतो हे मी सोळा वर्षांत एकदाही पाहिलेलं नव्हतं. ते मी तिकीट काढून, चार लोकांत बसून पाहिलं, आणि मला रडू आलं. शेजारी इसोही डोळे पुसत होती.

"अहो, हा हात तुमचा की गेन्शिचिचा?" तिने विचारलं.

"बाहुलीचा."

"ते मला कळतं. पण हलवला कुणी?"

मी तिकिटाचा तुकडा घडी घालून खिशात टाकला. सोळा वर्षं मी त्या बाहुलीला माझी समजत होतो, आणि ती माझ्या पाठीमागे दुसऱ्याशी बोलत होती. बायकोबद्दल असं कळलं असतं तरी मी इतका चिडलो नसतो, आणि हे मी इसोच्या देखतही म्हणेन.

मग लोक यायला लागले. आमच्याकडे कधी न फिरकलेली कॉलेजातली पोरं-पोरी दुर्बिणी घेऊन यायची आणि घडीचा प्रसंग आला की सगळ्या दुर्बिणी माझ्यावरून सरकून डावीकडे जायच्या. मी चेहऱ्याने कितीही जीव तोडला तरी व्यर्थ. पत्रं यायची, वर लिहिलेलं, 'डाव्या हाताच्या कलावंतास'. गेन्शिचि ती न फोडता माझ्यापुढे आणून ठेवायचा. मी त्याला चपला वाकड्या ठेवल्या म्हणून बोलायचो, चहा पांचट झाला म्हणून बोलायचो. तो म्हणायचा, "होय गुरुजी." एकदा तरी उलटून बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

जूनमध्ये ओगिमुरा-सान म्हणाले, शरदाच्या खेळात राजकन्येची बाहुली गेन्शिचिला मुख्य म्हणून देऊ या, लोक विचारतायत, फक्त तुमचा होकार हवा. गेन्शिचि अडतीस वर्षांचा होता. आता झाला नाही तर तो जन्मभर काळ्या पडद्याआड राहणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी म्हटलं, बघू, महिनाअखेर सांगतो.

आणि त्याच आठवड्यात, दुपारच्या खेळात, मी इशारा दिला नाही.

आधी ठरवलं नव्हतं. घडीची ओळ जवळ आली, समोर दुर्बिणी डावीकडे सरकल्या, आणि मी खांदा हलवला नाही. बाजूला बसून सगळी गोष्ट गाणाऱ्या गायकाने ओळ म्हटली. हात बाहुलीच्या मांडीवर तसाच पडून. गायकाने शेवटचा शब्द ओढला, आणखी ओढला, त्याचं तोंड लाल झालं. हात हलला नाही. मग मी उजव्या हाताने अंगरखा कसाबसा चुरगाळून पेटीत कोंबला. लोकांत कुजबुज झाली. मला आनंद झाला, अगदी लख्ख आनंद. बघा म्हटलं, माझ्यावाचून तुमचा हात काय आहे ते बघा.

खेळ संपल्यावर ओगिमुरा-सान तणतणत माझ्या खोलीत आले. गेन्शिचि आधीच येऊन गुडघ्यांवर बसला होता.

"इशारा माझ्याकडून चुकला," तो म्हणाला आणि कपाळ चटईला टेकवलं.

ओगिमुरा-सान माझ्याकडे बघत राहिले. मी पंख्याने वारा घेत होतो. तसं असेल तर शरदाचं राहू दे, ते म्हणाले, तरी तुमचा शेवटचा शब्द घ्यायला चहा झाल्यावर येतो. ते गेले. खोलीत आम्ही दोघंच उरलो.

"चुकला म्हणून का सांगितलंस? इशारा नव्हताच," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"मग?"

"मला वाटलं तुम्हाला घेरी आली. तुम्ही पडाल म्हणून मी तुमच्या पायांकडे बघत होतो. बाहुली राहिली बाजूला. म्हणजे चूक माझीच ना."

हे तो टोमणा म्हणून बोलला असता तर मी त्याला तिथल्या तिथे हाकलला असता. पण तो खरंच माझ्या तोंडाकडे बघत होता, रंग उतरलाय का म्हणून. मग इतके महिने मनात ठेवलेलं मी विचारून टाकलं.

"ती बोटं वळवायला तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच."

"मी?"

"घडी झाली की तुम्ही श्वास धरता. रोज, त्याच जागी. माझा खांदा तुम्हाला लागलेला असतो, मला कळतं. पहिलं वर्ष मला समजेना. मग वाटलं, गुरुजी हे सगळं आत दाबतायत, तिला रडायचं नाहीये म्हणून. ते कुठून तरी बाहेर पडायला पाहिजे, म्हणून मी बोटं घेतली. तुम्ही कधी रागावला नाहीत, तेव्हा बरोबर असेल असं धरून चाललो."

मी पंखा खाली ठेवला. त्या जागी मी श्वास धरतो हे खरं आहे. घडी घालताना बाहुली पुढे झुकवावी लागते, आणि झुकवली की माझ्या कमरेत कळ येते. चव्वेचाळिसाव्या वर्षापासून येते. श्वास धरून ती सोसायची एवढंच मला माहीत. त्या बाईचं दुःख वगैरे तेव्हा माझ्या मनात नसतं, कंबर असते. आणि या माणसाने माझ्या कमरेच्या कळेतून तिचं सगळं दुःख काढलं होतं. मी नुसते इशारेच देत होतो. इतका हेवा मला आयुष्यात कुणाचा वाटला नाही, आणि आता त्याच्याशी भांडायलाही जागा उरली नव्हती.

ओगिमुरा-सान चहा पिऊन परत आले.

"काय ठरलं? कच्चा आहे?"

"इशारा मी दिला नव्हता," मी म्हटलं. "मुद्दाम. राजकन्या त्याला द्या."

ते चटईवर टेकले. मग विचारलं, तुमच्या डाव्या हाताचं काय? मी म्हटलं, येईल कुणीतरी, सांगितलं तेवढं करेल.

गेन्शिचिने पुन्हा कपाळ टेकवलं. "तुमच्या त्या श्वासातून मी सगळं शिकलो, गुरुजी," तो म्हणाला.

मी मान डोलावली, गंभीरपणे, गुरूने डोलवावी तशी. मग तो निघेपर्यंत मी ताठ बसून राहिलो. उठताना मला कमरेवर हात ठेवावा लागतो, आणि ते त्याला दिसू द्यायचं नव्हतं.