फाटकाचा खटका

आमच्या मागच्या फाटकाला खटका नव्हता, म्हणून क्लिफर्डने लेथ आणला. हे मी कुणाला सांगितलं की लोकांना वाटतं, म्हातारी थापा मारतेय. पण देवाशपथ, खरंच तेवढ्यासाठी.

यॉर्कशरच्या टेकडीवर आमच्या रांगेतलं हे शेवटचं घर. मागे बाग, बागेला फाटक, फाटकापलीकडे माळ आणि माळावर शेतकरी सटक्लिफच्या मेंढ्या. राहायला आलो त्याच वर्षी मी हौसेने डेलियाचे कंद लावले. वारा सुटला, फाटक उघडलं, मेंढ्या आत आल्या आणि कोवळे कोंब खाऊन चर्चमधून बाहेर पडावं तशा शांतपणे निघून गेल्या. मला माझ्या आईच्या दारात होते तसे डेलिया हवे होते, ताटलीएवढे. बाकी मी आयुष्यात फारसं काही मागितलं नाही. नवरासुद्धा मागितला नव्हता, तो आपणहून गळ्यात पडला.

"दुकानातून एक खटका आण," मी क्लिफर्डला म्हटलं.

क्लिफर्ड गिरणीत फिटर होता. मी त्याच्या आईला शिवी दिल्यासारखा तो माझ्याकडे बघायला लागला. "विकतचा खटका? या घरात? लोक तोंडात शेण घालतील, थेल्मा! मी करतो की. एका दुपारचं तर काम. तोवर सुतळी बांध."

मी सुतळी बांधली. मेंढ्या सुतळीही खातात, हे मला तेव्हा कळलं.

आधी स्वयंपाकघरातल्या टेबलाला लोखंड आवळून धरायची व्हाइस बसली. मग तो म्हणाला, खटक्याची खीळ कशी अगदी गोल हवी, ती हाताने काय होणार, लोखंड फिरवून कातणारा लेथच पाहिजे. कुठलीशी गिरणी बंद पडली होती, तिथून त्याचा मित्र पर्सी आणि तो लेथ घेऊन आले. ते धूड कोळशाच्या खोपटात ठेवलं. पण जमीन सपाट नव्हती, म्हणून काँक्रीट घातलं. लेथच्या हत्यारांना धार लावायला ग्राइंडर आला. ग्राइंडरला स्टँड हवा, स्टँडला वेल्डिंग हवं. वेल्डिंग आलं तेव्हा खोपटाचं छप्पर जळालं, म्हणून मोठं खोपट बांधलं. मोठं खोपट रिकामं दिसतं म्हणून ड्रिल मशीन आलं. ड्रिल ठेवायला कपाट केलं आणि कपाटाच्या खणांना पितळेच्या मुठी केल्या. काय सुरेख मुठी होत्या! एकेक मूठ म्हणजे दागिना. खटका मात्र कागदावर.

या सगळ्यात माझ्या संसाराची जी दशा झाली ती विचारू नका. लोखंडाचा कीस गालिच्यात, मोज्यांत, एकदा तर पुडिंगमध्ये. मशीन गंजू नये म्हणून माझे जुने लोकरीचे स्वेटर त्यांच्या अंगावर, आणि मी थंडीत कुडकुडतेय. रंग पक्का व्हावा म्हणून तो मशीनचे भाग माझ्या ओव्हनमध्ये भाजायचा. एका रविवारी मटणाला हिरव्या रंगाचा वास आला, तर पर्सी म्हणतो, "थेल्माबाई, मसाला कुठला घातलात?" पर्सीला मी तेव्हाच बाहेर काढायला हवं होतं.

"खटक्याचं काय झालं रे?" मी दर वसंतात विचारायची.

"डिझाइन तयार आहे गं. फक्त एक जिग बनवायचा राहिलाय."

जिग म्हणजे वस्तू करण्याआधी करायची वस्तू. या दोघांची सगळी हयात त्यातच गेली. हत्यार बनवायचं हत्यार बनवायचं आणि मग चहा प्यायचा.

गेल्या वर्षी मात्र माझं डोकं फिरलं. जूनमध्ये कोंब चांगले वीतभर वर आले होते. सकाळी खिडकीतून बघते तर एक मेंढी माझ्या वाफ्यात उभी, तोंडातून सुतळीचं टोक लोंबतंय आणि नजर माझ्याकडे. लाज नाही, शरम नाही. त्याच दिवशी क्लिफर्ड आणि पर्सी मशीनच्या प्रदर्शनाला निघाले होते, दोन रात्री मुक्कामाला.

"परत आलो की लगेच घेतो खटका," टोपी चढवता चढवता क्लिफर्ड म्हणाला. "तिथे एक मिलिंग मशीन बघायचंय. ते आलं की..."

"जा," मी म्हटलं.

ते गेल्यावर मी खोपटात शिरले. इतकी वर्षं चहा घेऊन जात होते, चहा ठेवून लगेच मागे फिरत थोडीच होते? भंगारातून लोखंडाची पट्टी काढली, व्हाइसमध्ये आवळली, हॅक्सॉने कापली, कानशीने घासली. एक पातं मोडलं, एक नख गेलं. लेथला हातही लावला नाही. खीळ चौकोनीच ठेवली. संध्याकाळच्या चहाच्या आत खटका फाटकावर होता. जरा वाकडा, माझ्या बहिणीच्या दातांसारखा, पण फाटक ओढलं की खट्! मी उगीचच ते पुन्हा पुन्हा उघडून लावत बसले.

क्लिफर्ड परत आला तो मागच्याच वाटेने. सुतळी सोडायला त्याने हात घातला, तर सुतळी नव्हती. त्याने फाटक उघडलं. लावलं. खट्.

"आता मेंढ्यांची काही खैर नाही," पर्सी मागून खिदळला.

क्लिफर्ड हसला नाही. खटक्याच्या कडेवरून त्याने अंगठा फिरवला.

"कडांची धार मारलीस," तो म्हणाला.

"मग? हाताला लागतात. तूच सांगत असतोस ना?"

"चांगलं झालंय काम," तो म्हणाला आणि घरात गेला.

घरात. खोपटात नव्हे. दुसऱ्या दिवशीही तेच, त्याच्या दुसऱ्या दिवशीही. सकाळी उठून तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायचा. त्याने चमचे लांबीप्रमाणे लावले. बरण्या अक्षरवार मांडल्या, आणि मला मीठ सापडेना. माझा केक एका बाजूला चढतो म्हणून ओव्हनखाली पाचर मारली. "पीठ चाळताना हात डावीकडे जातो तुझा," असं म्हणाला तेव्हा लाटणं माझ्या हातातच होतं. तो वाचला हे त्याचं नशीब.

डेलिया पुन्हा फुटले. ऑगस्ट संपता संपता फुलले, लाल, आणि खरंच ताटलीएवढे. मी एकटीच बघत उभी होते. मागे खोपटाला कुलूप. मला फार वाईट वाटलं. आयुष्यभर मागितलेली गोष्ट हातात आली होती आणि मी त्याच्या हातातली काढून घेतली होती. इतकी वर्षं तो रोज सकाळी एक काम उरलेला माणूस म्हणून उठत होता. आता नुसताच म्हातारा उठत होता.

मी आत गेले. तो चहाच्या कपांचे कान एका दिशेला वळवत होता.

"क्लिफर्ड, बागेतल्या काचघराच्या झडपेची बिजागरी गेलीय. झडप आपटते वाऱ्याने."

"दुकानात मिळेल," तो वर न बघता म्हणाला. "नाहीतर तूच कर. जमतं की तुला."



"विकतची बिजागरी?" मी कमरेवर हात ठेवले. "या घरात? लोक तोंडात शेण घालतील! आणि मला नाही जमायची. तिची खीळ गोल असते."

त्याने कप खाली ठेवला. खिडकीतून काचघराकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा काचघराकडे. त्याला सगळं कळलं होतं. इतकाही बावळट नाही तो.

"गोल असते खरी," तो सावकाश म्हणाला. "पितळेची करावी लागेल. पण खाच नीट पाडायची तर... ते मिलिंग मशीन अजून विकलं गेलं नसेल, नाही? पर्सीला फोन करतो."

"एका दुपारचं काम असेल," मी म्हटलं.

"एका दुपारचं!" म्हणत तो टोपी शोधायला गेला, आणि मी सुतळी.