पहिलं पाणी

चुनेवाल्याने दाताळं टाकीत घातलं आणि काठाला धरलेला गाळ स्वतःकडे ओढला. गाळ नारिंगी, लिबलिबीत. दाताळं उचललं की त्याची तार लोंबायची, तुटता तुटायची नाही. रोज बघून माणूस सरावतो म्हणतात. चुनेवाला काही सरावला नव्हता. आजही त्याला मळमळलं, आजही तो बाजूला थुंकला, आणि थुंकीही नारिंगीच निघाली.

कोळसा संपला, खाणीच्या फाटकाला कुलूप लागलं. पाण्याला कोण कुलूप लावणार? खाणीच्या पोटातलं आंबट, लोखंड विरघळलेलं पाणी वर येतच राहिलं. त्यात चुना मिसळायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी नदीत सोडायचं, हे त्याचं काम. ‘‘लोकांना चुना लावणारे बंगले बांधून बसले, मी पाण्याला लावला आणि टाकीवरच राहिलो,’’ असं तो म्हणायचा. कुणी हसलं की त्याला जास्तच राग यायचा.

परवा साहेब डबे वाटून गेले होते. हाच गाळ वाळवून, दळून कुणीतरी भिंतीचा रंग बनवला होता.

‘‘घाणीचं सोनं झालं बघा,’’ साहेब म्हणाले. ‘‘प्रत्येकाला एक डबा, फुकट.’’

‘‘तुमच्या दिवाणखान्यात लावला का, साहेब?’’

साहेब नुसते हसले. ते गेल्यावर चुनेवाल्याने आपला डबा लाथेने पोत्यांमागे ढकलला.

‘‘तुला नको तर मी नेतो,’’ त्याच्या जोडीला असलेला पंपवाला म्हणाला.

‘‘ने. फक्त माझ्या डोळ्यांसमोर उघडू नकोस.’’

संध्याकाळी तो नेहमीप्रमाणे मागच्या दाराने घरी आला. टाकीवरचे कपडे उंबऱ्याबाहेर बादलीत, मग नहाणी, मग ब्रशने एकेक नख, आणि मगच घर. हा नियम त्याने लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून पाळला होता. लेक लहान असताना त्याला बघून धावत यायची, आणि तो अंगावर खेकसायचा, ‘‘लांब! हात लावू नकोस!’’ पोर जागीच थिजायची. पुढे पुढे ती धावेनाशी झाली. पण घर स्वच्छ राहिलं. आयुष्याची कमाई काय म्हणून कुणी विचारलं असतं, तर त्याने एवढंच सांगितलं असतं. उद्या लेक बाळाला घेऊन पहिल्यांदाच येणार होती, आणि बाळाला तरी पहिल्या दिवसापासून कडेवर घ्यायचं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

मागच्या दारी हातभर माती होती. तिथला गुलाब पुन्हा वाळून काडी झाला होता.

‘‘तुझ्या हाताला झाड म्हणून लागत नाही,’’ तो सवयीने ओरडला आणि अंग पुसत आत आला.

समोरची भिंत नारिंगी होती.

त्याने तोंडावर टॉवेल दाबला. बायको स्टुलावरून उतरत होती, हातात ब्रश, कपाळावर एक ठिपका.

‘‘पंपवाले भावजी डबा देऊन गेले,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणाले, वहिनी, हा तुमच्या वाटणीचा.’’

‘‘आणि तू लावलास? अगं, खाणीची ओकारी आहे ती! हिच्यापायी मी पोटच्या पोरीला जवळ घेतलं नाही. उद्या बाळ येतंय आणि तू घाण घरात आणलीस? खरवड ती. आत्ताच्या आत्ता.’’

ती ब्रश ठेवून स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. मग पदराला हात पुसत ती बाहेर आली आणि दोन्ही हात तिने त्याच्यापुढे धरले.

रंग धुऊन गेला होता. पण नखांच्या मुळाशी आणि बोटांच्या चिरांमध्ये तोच नारिंगी होता, जुना, आत मुरलेला.

‘‘हा आजचा नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तुमचे कपडे काय आपोआप धुतले जातात? याच हातांनी पोरीला न्हाऊमाखू घातलं, भरवलं. चांगली धडधाकट वाढली.’’

तिने हात खाली घेतले नाहीत.

‘‘इतकी वर्षं नुसता धुऊन टाकला. म्हटलं, एकदा लावून तरी बघावा. बरा दिसतो.’’

तो त्या हातांकडे बघत राहिला. याच हातांनी वाढलेलं ताट रोज त्याच्यासमोर यायचं, आणि तो फक्त ताटाकडे बघून जेवायचा. आता त्याला शिसारी आली ती स्वतःची. तो वळला आणि मागच्या दारी गेला.

बादलीत पाणी सोडून त्याने आपला सदरा बुडवला. पाणी गढुळलं, मग गंजासारखं झालं. त्याने कॉलर चोळली, बाह्या चोळल्या. विजारीच्या दुमडीतून गाळाचा गोळा निघून तळहाताला चिकटला. त्याने तो झटकला, जाईना, तेव्हा पाण्यातच खरवडला. कपडे पिळून फरशीवर ठेवले आणि बादली उचलून तो मातीकडे वळला.

‘‘तिथे नका ओतू,’’ ती दारातून म्हणाली. ‘‘कपड्यांचं पहिलं पाणी फार कडक असतं. त्यानेच झाड जळतं.’’

त्याने गुलाबाच्या काडीकडे पाहिलं.

‘‘मग मोरीत ओतू?’’

‘‘मोरी तुंबते. दोनदा फोडावी लागली, आठवतं ना?’’

‘‘मग कुठे ओतू?’’

‘‘सांगा ना,’’ ती म्हणाली. ‘‘मला तरी कुठे जागा सापडली?’’

तो भरलेली बादली धरून तसाच उभा राहिला.