गिरणीचा थांबा

मित्रांनो, शाळेच्या मागच्या अंगणात, सायकल स्टँडशेजारी जी पिवळी बस उभी आहे ना, ती मी. आता माझी चाके बसली आहेत, पत्रा गंजला आहे आणि ड्रायव्हरच्या सीटवर मांजरीने संसार थाटला आहे. मी म्हातारी झाले खरी, पण बोलायची हौस गेलेली नाही. डबा खायला तुम्ही माझ्याच सावलीत बसता, तर माझी हकीकतही ऐकून घ्या.

माझे इंजिन मोठ्या कारखान्यात तयार झाले, पण मला रूप दिले ते एका साध्या गॅरेजमधल्या कारागिरांनी. त्यांनी पत्रा ठोकला, खिडक्या बसवल्या, हिरव्या रेक्झिनच्या सीटा शिवल्या. मी शाळेत आले त्या दिवशी मुलांनी एवढा गलका केला, की मुख्याध्यापकांना शिट्टी वाजवावी लागली. मला चालवायला काका मिळाले. तोंडाने फटकळ, पण हात असा हलका, की खड्ड्यातून जातानाही झोपलेल्या पोराची झोप मोडत नसे. मुलांना चढवायला-उतरवायला मावशी असत. पाऊस असो, धुके असो, मी कधी दगा दिला नाही. "बस असावी तर अशी," असे पालक म्हणत आणि माझ्या पत्र्यावर मूठभर मांस चढे.

मग गावाबाहेर सूतगिरणी सुरू झाली आणि कामासाठी दूरवरून माणसे आली. त्यांची बोली वेगळी, रंग अधिक काळा, देवही वेगळा. त्यांची मुले आमच्या शाळेत येऊ लागली आणि माझ्या वाटेवर एक थांबा वाढला, गिरणीचा थांबा.

ती मुले चढली की आतल्यांची दप्तरे शेजारच्या सीटवर जाऊन बसत. "इथे कोणीतरी येणार आहे," असे सांगितले जाई. येणारे कोणी कधीच येत नसे. गिरणीच्या मुलांत पहिलीतली एक चिमुरडी होती. तिची बडबड थांबतच नसे, म्हणून मावशी तिला चिमणी म्हणत. दांड्याला लोंबकळत ती मोठ्याने पाढे म्हणायची. एके दिवशी मागून आवाज आला, "ए कोळशा, बाजूला हो, अंधार पडलाय." बरेच जण हसले.

तेव्हा दहावीतली एक उंच मुलगी उठली. ती शाळेच्या व्हॉलीबॉल संघाची कर्णधार, म्हणून सगळे तिला कॅप्टन म्हणत.

"हसून झालं असेल तर पुरे," ती म्हणाली. "चिमणे, इकडे ये. माझ्याजवळ बस."

त्या दिवसापासून तिच्या शेजारची खिडकी चिमणीची झाली.

पण बाहेर वारे वेगळेच वाहत होते. फोनवरून फोनवर एक अफवा गावभर पसरली. गिरणीवाल्यांनी म्हणे पिण्याच्या पाण्यात विष कालवले. ते पाणी पिऊन कोणाचे पोटसुद्धा दुखले नव्हते. तरी चांगली शिकलीसवरलेली माणसे ती अफवा पुढे ढकलत राहिली.

आणि एका सकाळी, गिरणीची मुले घेऊन मी वळणावर आले, तर रस्त्याच्या कडेला तोंडाला रुमाल बांधलेली माणसे उभी होती. "उतरवा त्यांना खाली!" एक जण ओरडला. काकांनी मला जोरात पुढे काढले. पहिला दगड पत्र्यावर बसला. दुसऱ्याने खिडकी फोडली.

चिमणी ओरडलीही नाही. तिने कपाळाला हात लावला आणि लाल झालेल्या बोटांकडे बघत राहिली.

"सगळे खाली वाका!" कॅप्टन ओरडली. चिमणीची जखम दाबून धरताना तिने फुटक्या खिडकीतून बाहेर पाहिले. दगड मारणाऱ्याचा रुमाल घसरला होता. तिच्या तोंडून हळूच शब्द निघाला, "मामा?"

काकांनी मला थेट दवाखान्यात नेले. चिमणीला टाके पडले. दुपारी पोलीस अधिकारी बाई माझी काच पाहायला आल्या. "कोणी कोणाला ओळखलं का?" त्यांनी मुलांना विचारले. कॅप्टनची आई धावत आली होती आणि मुलीने तिच्या कानात सगळे सांगितले होते. आईने तिचे मनगट घट्ट धरले. कॅप्टनने मामाचे नाव घेतले नाही.

शाळा सुटल्यावर बसची व्यवस्था बघणारे शाळेतले साहेब काकांना म्हणाले, "उद्यापासून गिरणीचा थांबा बंद. मुलांच्या सुरक्षिततेसाठीच हो."

"म्हणजे मार खाल्ला पोरीनं आणि बसही बंद तिचीच?" काका म्हणाले. पण हुकूम तो हुकूम. माझ्या पायरीवर बसलेल्या कॅप्टनने हे सगळे ऐकले आणि ती ताडकन उठून मुलांकडे गेली.

दुसऱ्या दिवशी पहिला थांबा रिकामा. दुसऱ्यावर चिटपाखरू नाही. "आज सुट्टी आहे नि आपल्यालाच कोणी सांगितलं नाही की काय?" मावशी म्हणाल्या. पुढच्या थांब्यावर एक आजोबा काठी टेकून उभे होते.

"पोरं गिरणीकडे गेली, चालत," ते म्हणाले. "चढू तर तिथूनच, म्हणतात. नातवाला मी अडवलं, तर मलाच म्हणतो, तुम्ही पण चला."

काकांनी मावशींकडे पाहिले. "नोकरी गेली तर?"

"गेली तर गेली. आधी पोरं घेऊ."

काकांनी मला गिरणीकडे वळवले. तिथे माझी बहुतेक मुले उभी होती. बूट धुळीने माखलेले, दप्तरे पाठीवर, आणि मधोमध पट्टी बांधलेली चिमणी. रस्त्यापलीकडे काही माणसे हाताची घडी घालून बघत होती. कॅप्टन त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली.

"एकेक करून चढा," ती मुलांना म्हणाली. "कोणी पळायचं नाही."

कोळसा म्हणून चिडवणारा मुलगाही आला होता. तो खाली मान घालून चिमणीला म्हणाला, "आज खिडकीत मी बसतो. दगड आला तर मला लागू दे."

"नको," चिमणी म्हणाली. "खिडकी माझी आहे."

बस सुरू झाल्यावर तिने कॅप्टनला विचारले, "ताई, ती माणसं कोण होती?" कॅप्टन तिच्या कपाळावरची पट्टी उगाच सारखी करू लागली.

त्याच दुपारी ती आईला घेऊन माझ्यात येऊन बसली.

"आई, मी सांगणार आहे."

"तो माझा पाठचा भाऊ आहे गं. घर तुटेल."

"चिमणीला मीच खिडकीत बसवलं होतं. आज ती माझ्याकडे बघत होती. मी कुठे बघू?"

आईने फुटलेल्या खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवला. मग पदराने डोळे पुसून उठली. अंगणात पोलीस बाई आल्या होत्या. "हिचं म्हणणं लिहून घ्या," ती म्हणाली. "मी हिच्याबरोबर आहे."

मामाला आणि त्याच्या सोबत्यांना शिक्षा झाली. आजोळचे दार कॅप्टनला बरीच वर्षे बंद राहिले. काही पालकांनी आपली मुले माझ्यातून काढून घेतली. पण थांबा बंद झाला नाही. मुलांचा हट्ट पाहून साहेबांनीच हुकूम मागे घेतला आणि काकांची नोकरीही टिकली.

शिक्षा भोगून आल्यावर एका सकाळी मामा गिरणीच्या थांब्यावर येऊन उभा राहिला. चिमणी आता मोठी झाली होती. तिचे वडील समोर होते. मामा त्यांच्यापाशी गेला, तो नेमका माझ्या दाराच्या वाटेत.

"पोरांची बस चुकेल," चिमणीचे वडील म्हणाले. "बाजूला या, मग बोलू."

ते काय बोलले, मला ठाऊक नाही. मला शाळा गाठायची होती.

मित्रांनो, माझा पत्रा घासला नाहीत तरी चालेल, मांजरीलाही राहू द्या. पण कोणाच्या रंगावरून, देवावरून, बोलीवरून कोणी दगड उचलला, तर तुमच्यातल्या एकाने तरी उठायलाच हवे. मारणारा आपल्या घरातला निघाला, तरी त्याचे नाव सांगायला कचरू नका. भीती वाटेल. कॅप्टनलाही वाटली होती, मी पाहिले आहे. आईने मनगट धरलेल्या त्याच हाताने तिने जबाबावर सही केली.